रडवलं म्हणून दंड! ग्रीक नाटकाची गोष्ट

हेडफोन लावलेत ना? वाचत असाल तरी चालेल, एपिसोडमध्ये जे बोललो तेच इथे आहे, मधले 'अं...' आणि 'म्हणजे कसं आहे ना' तेवढे काढून टाकलेत.

आजची गोष्ट सुरू होते एका दंडाच्या पावतीपासून. म्हणजे पावती काही सापडलेली नाही, पण आकडा माहीत आहे.

इ.स.पूर्व ४९४. आजच्या तुर्कस्तानच्या किनाऱ्यावर मिलेटस नावाचं श्रीमंत ग्रीक शहर होतं. पर्शियन सैन्याने ते जिंकलं, बहुतेक पुरुष मारले, बायकामुलांना गुलाम करून नेलं. अथेन्स आणि मिलेटस ही नात्यातलीच शहरं. पर्शियाविरुद्धच्या बंडात अथेन्सने आधी २० जहाजं मदतीला पाठवली होती आणि मग माघारी बोलावली होती. त्यामुळे दुःखाबरोबर थोडी टोचणीही असणार. थोड्याच वर्षांत फ्रिनिकस नावाच्या नाटककाराने याच घटनेवर नाटक केलं. हेरोडोटस सांगतो की अख्खं थिएटर ढसाढसा रडलं. आपल्याकडे असं झालं तर हाऊसफुल्लचे बोर्ड लागतील. अथेन्सने काय केलं? फ्रिनिकसला १००० द्राख्मा दंड ठोठावला. गुन्हा काय, तर आमचंच दुःख आम्हाला आठवून दिलंस. वर हुकूम असा की हे नाटक यापुढे कोणीही करायचं नाही.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा वाटलं, झालं, सेन्सॉर तेव्हाही होताच. आता तसं वाटत नाही. प्रश्न खरा होता. ज्यांची माणसं मेलीत त्यांच्यासमोर मरण दाखवायचं कसं? ग्रीक नाटकाचे नियम आज आपल्याला विचित्र वाटतात, पण हा प्रश्न डोक्यात ठेवून बघितले की बरेचसे उलगडतात. निदान मला तरी.

आता जरा मागे जाऊ. डायोनिसस हा द्राक्षाचा, वाइनचा, बेभान होण्याचा देव. त्याच्यासाठी ५० जणांचा ताफा गात नाचायचा, त्या गाण्याला डिथिरॅम्ब म्हणत. ही गाणी सुरू करणाऱ्यांतूनच शोकनाट्य जन्मलं, असं ॲरिस्टॉटल म्हणतो. परंपरेने नाव घेतलं जातं थेस्पिसचं, साधारण इ.स.पूर्व ५३४. ताफ्यातून एक माणूस बाजूला झाला आणि 'तो असा म्हणाला' असं न सांगता 'मी असा आहे' म्हणून बोलायला लागला. बस, नट तयार! 'ट्रॅजेडी' या शब्दाचा मूळ अर्थ 'बोकडाचं गाणं'. बोकड का, यावर विद्वानांची भांडणं आहेत, त्यात आपण पडू नको.

अथेन्समध्ये हे सगळं वसंतातल्या डायोनिससच्या मोठ्या उत्सवात व्हायचं, आणि ती स्पर्धा असायची. कॉलेजात एकांकिका केलेल्यांना लगेच ओळखीचं वाटेल. तीन नाटककार, प्रत्येकाने तीन शोकनाट्यं आणि एक धमाल सॅटर नाटक सादर करायचं. कोरसचा खर्च एखाद्या श्रीमंत नागरिकाच्या गळ्यात. हा जवळजवळ करच होता, फक्त पैसा कुठे गेला ते सगळ्या शहराला दिसायचं. परीक्षक चिठ्ठ्या टाकून निवडायचे, म्हणजे सेटिंग नको. नाटकं सुरू होण्याआधी युद्धात वडील गेलेल्या, वयात आलेल्या मुलांना शहराने दिलेलं चिलखत घालून सगळ्यांसमोर आणायचे. त्या पोरांना बघून मग नाटक बघायचं. विचार करा.

जागा म्हणजे ॲक्रॉपोलिस टेकडीचा दक्षिण उतार. लोक बसायचे ते 'थिआट्रॉन', म्हणजे बघायची जागा. खाली कोरस नाचायचा ती 'ऑर्केस्ट्रा'. मागे कपडे बदलायला 'स्केने', म्हणजे मुळात तंबू किंवा झोपडी. थिएटर, ऑर्केस्ट्रा, सीन हे शब्द आपण रोज वापरतो, ते तिथून आलेत.

आता माझा आवडता भाग. एस्किलसने दुसरा नट आणला, सोफोक्लिसने तिसरा. तिथेच थांबले. कितीही पात्रं असोत, बोलणारे नट तीनच, सगळे पुरुष, मुखवटे बदलून सगळ्या भूमिका तेच करणार. मी दिवसभर कमी मेमरीत जास्त काम बसवायच्या मागे असतो, त्यामुळे हे बघून मला भारी वाटतं. कारण या मंडळींनी मर्यादेचंच हत्यार केलं. एस्किलसच्या एका नाटकात ओरेस्टिसला बापाच्या खुनाचा बदला म्हणून आईला मारायचंय. सोबत पिलाडिस नावाचा मित्र आहे. तो नाटकभर गप्प. प्रेक्षकांना वाटतं हा मुका सोबती, याला आवाज नाही. आईसमोर ओरेस्टिसचा हात थांबतो, तो मित्राला विचारतो, काय करू? आणि पिलाडिस बोलतो! फक्त तीन ओळी. देवाच्या आज्ञेची आठवण करून देतो आणि परत गप्प. त्यानंतर आई वाचत नाही.

पण ती मरतेही आत, स्केनेच्या दाराआड. मारामारी आणि रक्त साधारणपणे समोर दाखवायचे नाहीत. आतून किंकाळी ऐकू येते, किंवा एक निरोप्या येऊन सगळं सांगतो. मग चाकांचा पाट बाहेर ढकलतात, त्यावर प्रेतं. सोफोक्लिसचा ईडिपस डोळे फोडून घेतो तेही आतच, आणि बाहेर येतो तो रक्ताळलेल्या चेहऱ्याने, बहुतेक मुखवटा बदलून. आपल्याला वाटेल बजेट नव्हतं. पण माणूस हवेत उचलणारी क्रेन त्यांच्याकडे होती. देव अवतरायचे ते तिच्यावरून. 'मीडिया'मध्ये (टीव्हीवाला नाही हं, बाईचं नाव आहे) पोटच्या पोरांना मारून ती सूर्यदेवाच्या रथातून निघून जाते, इ.स.पूर्व ४३१. त्या वर्षी युरिपिडिसचा नंबर तिसरा आला. तिघांत तिसरा! म्हणजे यंत्रं होती. न दाखवणं ही निवड होती. डोळ्यांपुढे काही नसलं की ऐकणाऱ्याच्या डोक्यात चित्र तयार होतं. पॉडकास्ट ऐकणाऱ्यांना हे मी काय सांगणार!

मुखवट्याचंही तसंच. समोरचा चेहरा शेजारच्या कुणाचा राहत नाही. आणि कोरस, आधी १२ जणांचा, मग १५ जणांचा, आपल्या वतीने घाबरतो, चुकीचे सल्ले देतो, रडतो.

आता परत फ्रिनिकसकडे. इ.स.पूर्व ४८० मध्ये पर्शियन सैन्य खुद्द अथेन्समध्ये घुसलं, ॲक्रॉपोलिसवरची देवळं जाळली. त्याच वर्षी सॅलमिसच्या समुद्रात ग्रीकांनी त्यांचं आरमार बुडवलं. या विजयावर नाटक करायचं तर कसं? फ्रिनिकस दंडातून शिकला असावा. त्याने 'फिनिशियन स्त्रिया' हे नाटक शत्रूच्या घरात नेऊन ठेवलं. पराभवाची बातमी तिकडे पोचते, तिथून सुरुवात. मग इ.स.पूर्व ४७२ मध्ये एस्किलसने तोच धागा घेऊन 'पर्शियन' लिहिलं. आज पूर्ण हातात असलेलं हे सगळ्यात जुनं ग्रीक नाटक. खर्च केला होता विशीतल्या पेरिक्लिसने.

नाटक घडतं पर्शियाच्या राजधानीत. कोरस पर्शियन म्हाताऱ्यांचा. राजमाता मुलाची वाट बघतेय. निरोप्या येतो आणि मेलेल्या पर्शियन सरदारांची नावं एकामागून एक सांगतो. आख्ख्या नाटकात एकाही ग्रीक माणसाचं नाव नाही, ना सेनापतीचं, ना हुतात्म्याचं. शेवटी राजा झर्क्सिस फाटक्या कपड्यांत येतो आणि सगळे मिळून आक्रोश करतात.

हे बघत कोण बसलं होतं? आठ वर्षांपूर्वी त्याच लढाईत वल्ही मारलेली माणसं. डोक्यावर टेकडी, तिथल्या जळालेल्या देवळांच्या जागी पार्थेनॉन उभं राहायला अजून २५ वर्षं होती. आणि लिहिणारा एस्किलस स्वतः मॅरेथॉनला लढलेला, तिथे त्याचा भाऊ मेला होता. पर्शियन गलबताला धरलेला त्याचा हात कुऱ्हाडीने तोडला, असं हेरोडोटस लिहितो. अशा माणसाने पर्शियन आईला रडताना दाखवलं आणि शहराने त्याला पहिलं बक्षीस दिलं. या वेळी दंड नाही.

पुढच्या एपिसोडमध्ये ॲरिस्टोफेनिस, म्हणजे ग्रीक कॉमेडी. तिथे मात्र नेत्यांना नाव घेऊन झोडपायचे, त्यामुळे भाग जरा लांबेल. तोवर पुलंनी मराठीत आणलेलं 'राजा ओयदिपौस' कुठे मिळालं तर वाचा, आणि आत काय घडतंय ते सांगणाऱ्या निरोप्याचा प्रवेश एकदा मोठ्याने वाचून बघा. भेटू!