कळफलकात सामावलेला संगणक: घ्यावा की न घ्यावा?

जून महिना जवळ आला, म्हणजे पुष्कळ आईबाप एकच प्रश्न विचारू लागतात: "फादर, मुलांसाठी कॉम्प्युटर घ्यावा म्हणतो, कोणता घ्यावा?" विचारणाऱ्यांत गावाकडचे शेतकरी असतात, तसेच सुरतेस यंत्रमागावर, एम्ब्रॉयडरीच्या कारखान्यात किंवा कापडबाजारात राबणारेही असतात. उधना-जळगाव लोहमार्गाने खानदेशातून आणि मुंबईकडील गाडीने पालघर जिल्ह्यातून पोटासाठी सुरत गाठणारी मराठी कुटुंबे थोडीथोडकी नाहीत. त्यांच्यापाशी पैसा मोजका असतो, आणि साठविलेली पुंजी एकदा खर्च झाली, की ती पुन्हा जमण्यास वर्ष लागते. म्हणून या प्रश्नाचे उत्तर सर्वस्वी दुकानदारावर सोपवून चालावयाचे नाही. बाजारात मिळणाऱ्या एका स्वस्त संगणकाची माहिती, त्याच्या गुणांसह आणि उणिवांसह, आम्ही आज वाचकांपुढे ठेवीत आहोत.

या संगणकाचे नाव 'रास्पबेरी पाय'. रास्पबेरी हे एक फळ. 'पाय' या शब्दाचा आपल्या हातापायांशी काही संबंध नाही. पायथॉन नावाची एक संगणकभाषा आहे, तिच्या नावावरून तो घेतला आहे. मुलांना संगणकाची विद्या स्वतःच्या हातांनी करून शिकता यावी, या हेतूने इंग्लंडमधील केंब्रिज येथे काही जाणकारांनी एक धर्मादाय संस्था स्थापिली, आणि २९ फेब्रुवारी २०१२ रोजी आपला पहिला संगणक ३५ डॉलर किमतीस विक्रीस आणला. तो म्हणजे बँकेच्या कार्डाएवढी उघडी पट्टी होती. ती पाहून जाणता माणूस हरखला, तरी सामान्य गृहिणी बिचकली असती! पुढे २ नोव्हेंबर २०२० रोजी त्याच संगणकाचे सारे अंतरंग एका कळफलकात, म्हणजे कीबोर्डात, बसवून 'रास्पबेरी पाय ४००' बाजारात आला. ९ डिसेंबर २०२४ रोजी त्याचा धाकटा पण अधिक बलवान भाऊ 'पाय ५००' आला. सप्टेंबर २०२५ मध्ये 'पाय ५०० प्लस' नावाचा तिसराही आला. परंतु त्याची आरंभीचीच किंमत २०० डॉलर होती, म्हणून आपल्या घरांच्या दृष्टीने तो बाजूस ठेवलेला बरा.

वस्तू दिसावयास अगदी साधी आहे. टेबलावर ठेवला तर नुसता कीबोर्डच वाटावा. मागील बाजूस चित्रपडद्याची तार जोडण्याच्या दोन जागा, माऊस व पेन-ड्राइव्ह यांच्यासाठी तीन जागा, इंटरनेटच्या तारेची एक जागा आणि एका नखाएवढ्या मेमरी कार्डाची खाच आहे. वायफाय आतच आहे. 'पाय ४००'ची स्मरणशक्ती ४ जीबी, तर 'पाय ५००'ची ८ जीबी. निराळी पेटी नाही, पंखा नाही, आवाज नाही. घरातील दूरचित्रवाणी संचास तार लावली, की संगणक तयार! लिहिण्यासाठी, हिशेबासाठी, चित्रे काढण्यासाठी, इंटरनेट पाहण्यासाठी आणि प्रोग्रॅम शिकण्यासाठी लागणारी साधने विनामूल्य मिळतात. पुढे दरवर्षी कोणाला वर्गणी भरावी लागत नाही.

आता किमतीकडे वळू. बाजारात आला त्या वेळी नुसत्या 'पाय ४००'ची किंमत ७० डॉलर होती, आणि माऊस, अडॅप्टर, मेमरी कार्ड, तार व मार्गदर्शक पुस्तक यांसह १०० डॉलर. 'पाय ५००'चे आरंभीचे आकडे अनुक्रमे ९० आणि १२० डॉलर होते. किमती पुढे बदलत राहातात. शिवाय आपल्याकडे १८ टक्के जीएसटी, वाहतूक आणि दुकानदाराचा नफा त्यावर चढतो. म्हणून डॉलरला रुपयांनी गुणून जो आकडा येईल, त्याहून अधिक पैसे गाठीस ठेवूनच दुकानात जावे. नुसता कीबोर्ड स्वस्त दिसला म्हणून भुलू नये. त्याची पडद्याची तार नेहमीच्या एचडीएमआय तारेसारखी नसून एका टोकास बारीक असते. ती निराळी घ्यावी लागते. मोबाईलचा कोणताही चार्जर त्यास पुरत नाही. 'पाय ४००'साठी १५ वॅटचा आणि 'पाय ५००'साठी २७ वॅटचा अडॅप्टर लागतो. घरचा दूरचित्रवाणी संच जुन्या काचेच्या नळीचा असेल, तर त्यास हा सरळ जोडता येणार नाही. पडदाही विकतच घ्यावा लागत असेल, तर सारा हिशेब पुन्हा मांडावा. कदाचित त्याच पैशांत चांगल्या स्थितीतील जुना लॅपटॉप मिळून जाईल.

उणिवाही स्पष्ट सांगितल्या पाहिजेत. यास बॅटरी नाही. वीज गेली की काम गेले. इन्व्हर्टर असेल तर मात्र तो थोड्या विजेवर निभावतो. कॅमेरा नाही, ध्वनिक्षेपक नाही. आवाज दूरचित्रवाणी संचातूनच ऐकावयाचा. बंद करण्याची रीत न पाळता एकाएकी वीज तोडली, तर कार्डावरील मजकूर बिघडण्याचा संभव असतो. म्हणून महत्त्वाच्या कामाची दुसरी प्रत पेन-ड्राइव्हवर ठेवणे शहाणपणाचे. आणि सर्वांत मोठी गोष्ट ही, की यावर विंडोज नसून लिनक्स नावाची प्रणाली चालते. सुरतेच्या पेढ्यांत हिशेबासाठी लागणारी टॅली, अथवा एम्ब्रॉयडरीच्या धंद्यात रूढ असलेले नक्षीचे प्रोग्रॅम विंडोजसाठी बनविलेले असतात. ज्या तरुणास तीन महिन्यांत टॅली शिकून नोकरी धरावयाची आहे, त्याने हा संगणक घेऊ नये. त्याच्यासाठी तो नव्हे.

मग तो कोणासाठी? आठ ते सोळा वर्षांच्या मुलामुलींसाठी. त्याचे कारण सांगण्यासाठी आम्ही सुरतेच्याच एका यंत्राचे उदाहरण घेतो.

नक्षीदार कापड विणणारा जॅकार्ड माग आमच्या पुष्कळ वाचकांनी पाहिला असेल. फ्रान्समधील लियों या रेशमाच्या शहरी जोसेफ-मारी जॅकार्ड याने १८०४ च्या सुमारास तो सिद्ध केला. त्याच्या माथ्यावर भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ फिरते. जेथे भोक तेथे ताण्याचा धागा वर उचलला जातो. जेथे भोक नाही तेथे तो खालीच राहातो. अशा 'होय' आणि 'नाही' यांच्या ओळींतून फुले, वेली, मोर उमटतात. चार्ल्स बॅबेज या इंग्रज गणितज्ञाने आपल्या गणनयंत्राच्या आराखड्यात हीच पुठ्ठ्यांची युक्ती योजिली. जॅकार्डचे रेशमात विणलेले एक चित्र त्याच्या संग्रही होते. ते विणण्यास सुमारे २४,००० पुठ्ठे लागले होते! आजचा संगणकही मुळात त्याच 'होय-नाही'वर चालतो. माग आता इलेक्ट्रॉनिक झाले, पुठ्ठे गेले. तरी एम्ब्रॉयडरीच्या धंद्यात संगणकावर नक्षी रचण्याच्या कामास 'पंचिंग' म्हणजे भोके पाडणे हेच जुने नाव राहिले आहे.

त्या मागाभोवती दोन प्रकारची माणसे असत. एक पुठ्ठ्यास भोके पाडून नक्षी रचणारा, आणि दुसरा दिवसभर माग चालविणारा. दोघांचेही श्रम पवित्रच आहेत. सुताराच्या घरी वाढलेल्या प्रभूचे आपण अनुयायी, आपण कोणत्याही श्रमास हलके लेखणार नाही. परंतु नक्षी रचणाऱ्यास यंत्र आपले ऐकते असा अनुभव येतो, तर चालविणाऱ्यास यंत्राचे ऐकावे लागते. आज मोबाईलने आपल्या बहुतेक मुलांस दुसऱ्या जागी बसविले आहे. दुसऱ्याने रचलेले चित्र ती बोटाने सरकवीत राहातात. कळफलकापुढे बसलेले मूल मात्र चार ओळी लिहिते, पडद्यावर एक मांजर चालू लागते, आणि ते चुकीच्या दिशेने गेले तर आपली कोणती ओळ चुकली हे त्याला स्वतःच शोधावे लागते. गणित, धीर आणि सचोटी या तिन्हींची ही शिकवणी आहे. कारण यंत्रापुढे सबब चालत नाही.

दुसरा लाभ आपल्या भाषेचा. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ख्रिस्तपुराण १६१६ साली राशोल येथे छापले गेले ते रोमन लिपीत. देवनागरीचे खिळे त्या काळी उपलब्ध नव्हते. सुरतेचे व्यापारी भीमजी पारेख यांनी आपल्या लिपीत ग्रंथ छापावे म्हणून ईस्ट इंडिया कंपनीकडे मागणी केली, आणि १६७४ साली हेन्री हिल्स नावाचा मुद्रक मुंबईस आला. परंतु त्यास अक्षरांचे साचे कोरता येत नव्हते. ज्या अक्षरांसाठी त्या थोरांनी तळमळ केली, ती आज या कळफलकावर विनामूल्य उमटतात. मात्र त्यासाठी इनस्क्रिप्ट पद्धत शिकून घ्यावी. तीत स्वर व मात्रा डाव्या हाताकडे आणि बहुतेक व्यंजने उजव्या हाताकडे असतात. भारतीय लिपींसाठी तिची मांडणी एकच असल्याने ज्या कळीवर मराठी 'क' आहे, तिच्यावरच गुजराती 'क'ही आहे. सुरतेत महानगरपालिकेच्या मराठी माध्यमाच्या शाळा आहेत. तरी बाजार आणि शेजार गुजराती. अशा घरातील मुलाने एकदा बोटे बसविली, की दोन्ही भाषा त्याच्या हाती येतात. गावाकडील आजीस स्वच्छ मराठीत पत्र लिहून छापून पाठवावे, एवढा अभ्यास पहिल्या सुटीत पुरे.

तिसरा लाभ घराचा, आणि आम्हांस तो सर्वांत मोलाचा वाटतो. मोबाईल मुलाबरोबर पांघरुणात शिरतो. हा संगणक दूरचित्रवाणी संचास बांधलेला असल्याने बैठकीच्या खोलीतच राहातो. मूल काय पाहते, काय लिहिते, हे येता-जाता सर्वांस दिसते. दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी प्रसारमाध्यमांविषयी जो आदेश प्रसृत केला, त्यात अपायकारक गोष्टी घरात येऊ नयेत म्हणून दक्ष राहण्याचे कर्तव्य आईबापांस बजाविले आहे. दाराशी पहारा ठेवण्यापेक्षा दिवाणखान्यात एकत्र बसणे हा पहारा अधिक सोपा व प्रेमळ होय. पडदा एकच असल्याने वेळही वाटून घ्यावी लागते, तेव्हा संध्याकाळच्या रोझरीची वेळ कोणाची, याविषयी घरात वाद उरू नये!

तथापि यंत्र आणून ठेवले म्हणजे विद्या येते, अशी समजूत कोणी करून घेऊ नये. १९८४-८५ साली भारत सरकारने 'क्लास' नावाच्या योजनेखाली शाळाशाळांतून बीबीसी मायक्रो नावाचे संगणक बसविले. तेही केंब्रिजच्याच एकॉर्न कंपनीने सिद्ध केलेले, आणि कळफलकाच्याच पेटीत सामावलेले! त्या कंपनीत १९८५ साली जन्मलेल्या 'आर्म' जातीच्या चिपचा वंशज आज रास्पबेरी पायमध्ये आहे. पण त्या योजनेत यंत्रे थोडी, मुले फार आणि शिक्षकांची तयारी अपुरी, अशी स्थिती होती. जे सरकारला जड गेले, ते घरातही जड जाईल, जर शेजारी बसणारे माणूस नसेल तर.

म्हणून आमची सूचना अशी. एकट्याच्या ऐपतीबाहेर असेल, तर तीन-चार कुटुंबांनी मिळून, अथवा धर्मग्रामातील एखाद्या मंडळाने, एक संच घ्यावा. या संगणकाची सारी प्रणाली आणि सारे काम त्या नखाएवढ्या कार्डावर असते; म्हणून प्रत्येक मुलास आपापले कार्ड द्यावे. कार्ड घातले की संगणक त्याचा, काढले की दुसऱ्याचा. जशी पाटी एक आणि वह्या अनेक. आठवड्यातून दोन संध्याकाळी कॉलेजात शिकणाऱ्या एखाद्या ताईने किंवा दादाने त्यांच्याजवळ बसावे. ज्या आईने शाळा चौथीतच सोडली, तिनेही बाजूस बसून "हे काय केलेस ते मला समजावून सांग" एवढेच म्हणावे. समजावून सांगताना मूल दुप्पट शिकते.

७ सप्टेंबर २०२५ रोजी पोप लिओ चौदावे यांनी ज्यांस संतपद बहाल केले, ते कार्लो अकुतिस हे संगणकावर रमणारे मूल होते. प्रोग्रॅम रचणे ते आपले आपण शिकले, आणि त्या विद्येने पवित्र साक्रामेंताच्या चमत्कारांचे प्रदर्शन त्यांनी जगापुढे मांडले. २००६ साली, अवघ्या पंधराव्या वर्षी, ते प्रभूकडे गेले. त्यांच्या घरी पैशाची वाण नव्हती, हे खरे; पण त्यांचे मोठेपण महागड्या यंत्रात नव्हते. इतरांनी जे खेळण्यासाठी वापरले, ते त्यांनी सेवेसाठी वापरले.

तेव्हा आमचा निर्णय थोडक्यात असा: घरात एचडीएमआयचा दूरचित्रवाणी संच आहे, शिकणारे मूल आहे, आणि त्याच्याजवळ अर्धा तास बसण्यास कोणी तरी तयार आहे, तर 'पाय ४००' अवश्य पाहावा, ऐपत असेल तर 'पाय ५००' घ्यावा. यांपैकी तिसरी गोष्ट नसेल, तर ती मिळेपर्यंत पैसे पोस्टातच राहू द्यावेत. यंत्र पुढच्या वर्षीही मिळेल.