दूरचे यंत्र, बंद डबा आणि तपासणीची शिस्त

शीतगृहातील तापमान नोंदणारी पेटी असो, बसमधील तिकिटाचे यंत्र असो की कारखान्यातील मोजणीचे साधन असो, आज अशा बहुतेक यंत्रांच्या पोटात एक छोटा संगणक असतो. २०१२ साली विक्रीस आलेल्या रास्पबेरी पायसारख्या स्वस्त बोर्डांमुळे अशी यंत्रे बनविणे लहान उद्योजकाच्याही आवाक्यात आले. पुढे २०१३ साली डॉकर आले. प्रोग्राम आणि त्याला लागणारे सर्व सामान एकाच बंद डब्यात, म्हणजे कंटेनरमध्ये, भरून पाठविण्याची सोय झाली. विक्री सोपी झाली. विक्रीनंतरची सेवा मात्र अवघड झाली. यंत्र दूरच्या गावी, प्रोग्राम डब्यात बंद आणि गिऱ्हाईकाचा माल खराब होण्याची वेळ आलेली! दर वेळी माणूस पाठवावा तर नफा प्रवासातच संपतो. म्हणून या धंद्यात उतरणाऱ्या तरुणांनी दुरून तपासणी करण्याची कला शिकलीच पाहिजे, असे आम्हास वाटते.

या कामासाठी १९८६ पासून चालत आलेले जीडीबी हे साधन आजही भरवशाचे आहे. कचेरीतील संगणकावर जीडीबी चालतो, यंत्रावर त्याचा जोडीदार जीडीबीसर्व्हर चालतो आणि दोघे नेटवर्कवरून बोलतात. जोडणी झाली नाही की अनेकजण प्रोग्रामची ओळ न् ओळ वाचत बसतात. आमचे सांगणे असे की, आधी वाट तपासा, मग प्रोग्राम.

पहिली गोष्ट, डबा चालू तरी आहे का? तो १३७ हा आकडा दाखवून बंद पडला असेल, तर त्याला बाहेरून जबरदस्तीने थांबविले गेले आहे. लहान यंत्रात मेमरी अपुरी पडणे हे त्याचे नेहमीचे कारण. 'एक्झेक फॉरमॅट एरर' असा संदेश आला, तर डबा बहुधा दुसऱ्याच जातीच्या प्रोसेसरसाठी बांधला गेला आहे. इंटेलसाठी बांधलेला डबा आर्मवर सहसा चालत नाही.

दुसरी गोष्ट पोर्टची. डब्याचे पोर्ट बाहेर उघडले नसेल, तर जोडणी होणार नाही. उघडूनही भागत नाही, कारण काही साधने १२७.०.०.१ या पत्त्यावरच जोडणी स्वीकारतात. नोडचे तपासणी साधन असेच आहे. कंटेनरमध्ये हा पत्ता म्हणजे डब्याची आतली खोली. बाहेरच्याची हाक तेथे पोहोचत नाही.

तिसरी गोष्ट परवानगीची. चालू प्रोग्रामला थांबवून तपासण्यासाठी लिनक्समध्ये 'पीट्रेस' ही सोय लागते. ४.८ पूर्वीच्या कर्नेलवर डॉकर ती मुळातच अडवितो. नव्या कर्नेलवरही आधीच चालू असलेल्या प्रोग्रामला जोडताना नकार मिळू शकतो. अशा वेळी डबा सुरू करताना 'सिस पीट्रेस' हा अधिकार तेवढाच द्यावा. घाईने सर्व अधिकार देऊन टाकू नयेत.

चौथी गोष्ट, जोडणी झाली पण ओळींची नावे दिसत नाहीत. जागा वाचविण्यासाठी यंत्रावरील प्रोग्राममधून ही माहिती बहुधा काढून टाकलेली असते. ती माहिती असलेली, त्याच बांधणीची प्रत कचेरीत जपून ठेवावी. निराळ्या बांधणीची प्रत वापरली, तर तपासणी भलत्याच ओळीवर बोट ठेवील.

पाचवी गोष्ट अनेकांच्या ध्यानात येत नाही. प्रोग्राम तपासणीसाठी थांबला की यंत्रातील वॉचडॉगला तो गोठला असे वाटते आणि तो यंत्र पुन्हा सुरू करतो. तपासणीपुरता त्याचा बंदोबस्त करावा. पण प्रोग्राम थांबल्याने गिऱ्हाईकाचे काम अडणार असेल, तर त्याला आधी विचारून वेळ ठरवावी.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, जीडीबीसर्व्हर पासवर्ड विचारीत नाही. त्याचे पोर्ट इंटरनेटवर उघडे राहिले, तर कोणीही आत शिरून प्रोग्रामचा ताबा घेऊ शकेल. डॉकरमध्ये पत्ता न देता उघडलेले पोर्ट यंत्राच्या सर्व जोडण्यांवर उघडते. म्हणून ते यंत्राच्याच १२७.०.०.१ या पत्त्यापुरते उघडावे आणि कचेरीतून एसएसएचच्या बोगद्यातून तेथे जावे. काम संपताच जीडीबीसर्व्हर बंद करावा, दिलेला अधिकार काढावा, वॉचडॉग पूर्ववत करावा.

गिऱ्हाईकाने सोपविलेले यंत्र ही अमानत आहे. बिघाड काढून देणारा कारागीर चांगला. पण निघताना दार नीट लावून जाणाऱ्यालाच गिऱ्हाईक पुन्हा बोलावते.