ओपनिंग पाठ होतं, अंगवळणी पडायला वेळ लागतो

साताऱ्याहून मुलांना घेऊन सांगलीच्या बुद्धिबळ स्पर्धेला निघालो, की कराड मागे पडेपर्यंत एसटीत गलका असतो. पेठ नाक्यावर गाडी आष्ट्याच्या रस्त्याला वळली की सगळे एकदम गप्प होतात, माना मोबाईलमध्ये जातात. कोणी सिसिलियन पाहतं, कोणी किंग्ज इंडियन. पहिली फेरी दोन तासांवर आलेली असते आणि आदल्या रात्री कुठेतरी पाहिलेलं नवं ओपनिंग आजच खेळायचं असतं. सोबत आलेले पालक हळूच विचारतात, "सर, जिंकायला कुठलं ओपनिंग चांगलं?"

या प्रश्नामागे बरेच गैरसमज आहेत. त्यांच्यापायी मुलांचे महिनेच्या महिने वाया जातात, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

सर्वांत मोठा गैरसमज असा, की डाव ओपनिंगमध्येच जिंकला किंवा हरला जातो. मुलगा हरून आला की "ओपनिंग कच्चं आहे" हे ठरलेलं निदान. स्कोअरशीट उघडून पाहावं, तर बाराव्या चालीपर्यंत सगळं बरोबर चाललेलं असतं आणि अठराव्या चालीला घोडा फुकट दिलेला असतो. शालेय पातळीवरचे बहुतेक डाव असेच जातात. सर्वोच्च पातळीवरचं उदाहरण हवं असेल तर १२ डिसेंबर २०२४ चा सिंगापूरचा डाव पाहा. गुकेश आणि डिंग लिरेन यांचे साडेसहा-साडेसहा गुण झालेले, चौदावा आणि शेवटचा डाव. त्याआधी कित्येक महिने दोघांच्या मदतनिसांनी ओपनिंगवर खपून काम केलेलं. जगज्जेतेपद ठरलं ते मात्र ५५व्या चालीला. पटावर थोडीच मोहरी उरली असताना डिंगने हत्ती एफ२ वर नेला आणि गुकेशने त्याच्याकडचा हत्ती आणि उंट मारामारीत संपवून निव्वळ प्याद्यांचा जिंकलेला शेवट गाठला.

मग ओपनिंगचं काम काय? आपल्या ओळखीच्या स्थितीत आपल्याला सुखरूप पोचवणं. पुढे काय करायचं, कुठलं मोहरं कुठे शोभतं, कुठलं प्यादं कधी पुढे ढकलायचं, हे आपल्याला कळतं अशी स्थिती. एवढं झालं की ओपनिंगचं काम झालं.

दुसरा गैरसमज पाठांतराचा. "आमच्या मुलाला वीस चालींपर्यंत पाठ आहे," असं कौतुकानं सांगितलं जातं. पहिली चाल करायला पांढऱ्याकडे २० पर्याय असतात, तितकेच काळ्याकडे. दोघांच्या दोन-दोन चाली झाल्या की १,९७,२८१ वेगवेगळे क्रम तयार होतात. समोरचा आपल्या पुस्तकाप्रमाणे खेळायला बांधलेला नाही, तिसऱ्या चालीलाच वाट सोडतो आणि पाठ केलेल्या सतरा चाली तशाच राहून जातात.

माझ्याकडच्या एका मुलीची गोष्ट सांगतो. काळ्या मोहऱ्यांनी खेळत होती, साधं इटालियन वळण. दोन्ही बाजूंची राजासमोरची प्यादी दोन-दोन घरं पुढे आलेली, पांढऱ्याचा घोडा एफ३ वर आणि उंट सी४ वर, हिचे दोन्ही घोडे बाहेर. पांढऱ्याने घोडा जी५ वर आणला. आता उंट आणि घोडा दोघांचीही नजर एफ७ च्या प्याद्यावर. हिने डी५ केलं, पांढऱ्याने ते प्यादं मारलं. इथे हात आपोआप ते प्यादं घोड्याने परत मारायला जातो. तसं केलं की पांढरा एफ७ वर घोडा देतो, राजाला तो मारावा लागतो, वजीर एफ३ वरून शह देतो आणि डी५ वरचा घोडा वाचवण्यासाठी काळ्याचा राजा उघडा पडून ई६ पर्यंत बाहेर येतो. म्हणून पुस्तक सांगतं, घोडा ए५ वर नेऊन उंटावर हल्ला करा. हिला ते पाठ होतं, तिने बरोबर केलं. उंटाने बी५ वरून शह दिला, हिने सी६ घातलं, मारामारी झाली. आणि ती रडवेली होऊन माझ्याकडे पाहायला लागली. डाव चालू असताना मला बोलता येईना. हरल्यावर म्हणाली, "सर, एक प्यादं कमी हाय की माझं!"

प्यादं कमी होतं, हे खरं. ते कशाच्या बदल्यात गेलं, हे तिला कोणी सांगितलेलंच नव्हतं. चूक माझी. त्या संध्याकाळी पट मांडून बसलो. पांढऱ्याचा उंट ई२ वर मागे येतो, काळा एच६ करून घोड्याला हाकलतो, मग ई४ करून पुन्हा हाकलतो, घोडा ई५ वर बसला की उंट डी६ वर येऊन तिसऱ्यांदा त्याच्या मागे लागतो. तिला म्हटलं, पांढऱ्याच्या दहा चाली मोज. चार एकट्या घोड्याच्या, तीन एकट्या उंटाच्या. एका प्याद्याच्या मोबदल्यात हा वेळ आपण विकत घेतला. आपला ए५ चा घोडा काठावर पडलाय, ही उणी बाजूही दाखवली. तेव्हापासून ती हे वळण आनंदानं खेळते.

पाठांतराचा भरवसा विश्वनाथन आनंदलाही पुरला नाही. २०१० मध्ये सोफियात तोपालोव्हविरुद्ध पहिल्याच डावात तो ग्रुनफेल्ड बचाव खेळला, घरी केलेल्या तयारीतला चालींचा क्रम पटावर गडबडला आणि ३० चालींत हरला. त्याच लढतीच्या बाराव्या, निर्णायक डावात काळ्या मोहऱ्यांनी त्याने लास्करच्या नावाने ओळखला जाणारा जुना, भक्कम बचाव निवडला आणि जिंकून जगज्जेतेपद राखलं. मला तो डाव फार आवडतो.

यातच तिसऱ्या गैरसमजाचं उत्तर आहे. जुनं किंवा संथ ओपनिंग म्हणजे टाकाऊ, असं मुलांना वाटतं. २००० साली लंडनमध्ये क्रामनिकने कास्पारोव्हसमोर बर्लिन बचाव ठेवला. एकोणिसाव्या शतकापासून माहीत असलेला, आठव्या चालीलाच वजिरावजिरी करणारा. ओपनिंगच्या तयारीत ज्याचा हात धरणारा कोणी नव्हता, त्या कास्पारोव्हला १५ डावांत एकही विजय मिळाला नाही.

"हे सगळं परदेशी, आपलं त्यात काय?" असंही जुनी माणसं म्हणतात. त्यांना इंडियन बचाव या नावाची हकीकत सांगावी. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला कलकत्त्यात महेशचंद्र बॅनर्जी हे जॉन कॉक्रेन या स्कॉटिश खेळाडूशी खेळत. ते प्यादी सावकाश सरकवून उंट जी७ च्या कोपऱ्यात बसवत. आपल्या देशी खेळात प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर जायचं, त्यामुळे अशी मांडणी इथल्या हाताला सवयीची होती. आज जगभर खेळतात त्या बचावांना इंडियन हे नाव त्यातून मिळालं.

आणि सांगलीत तर हा खेळ परका म्हणणं शोभणारच नाही. भाऊसाहेब पडसलगीकर आणि नूतन बुद्धिबळ मंडळ यांनी इथे तो घराघरांत रुजवला. पाच वेळा राष्ट्रीय महिला विजेती ठरलेली भाग्यश्री साठे, म्हणजे पुढची भाग्यश्री ठिपसे, इथलीच. महिला ग्रँडमास्टर स्वाती घाटेही इथलीच. भाग्यश्री घडली त्या काळात घरोघर संगणक नव्हते, परदेशी पुस्तकं मुश्किलीनं मिळत. समोरासमोर बसून डाव खेळायचे आणि नंतर त्यावर वाद घालायचे, हीच तयारी.

मग आपला संच कसा निवडायचा? सुरुवातीला तीन गोष्टी पुरतात. पांढऱ्यांनी एक पहिली चाल. काळ्यांनी ई४ ला एक उत्तर, डी४ ला एक उत्तर. बाकीच्या चालींना जवळपास तीच मांडणी चालवून घ्यावी. मी मुलांना दोन-तीन ओपनिंगचे पूर्ण डाव शेवटपर्यंत दाखवतो आणि विचारतो, यातली कुठली स्थिती तुला खेळावीशी वाटते? मुलं चटकन बोट ठेवतात. अभ्यासाला रोज किती वेळ आहे हेही पाहावं. सिसिलियनच्या धारदार फांद्या रोज तासभर मागतात, शाळा आणि क्लास सांभाळणाऱ्या मुलाला कारो-कान झेपतं.

दोन डाव हरलं की ओपनिंग बदलायचं, हे मात्र मी होऊ देत नाही. निदान तीस-चाळीस डाव खेळल्याशिवाय त्यातले खाचखळगे कळत नाहीत. तेवढं खेळून मग बदलायला काहीच हरकत नाही. ई४ चा कट्टर पुरस्कर्ता फिशर १९७२ मध्ये रेक्याविकला सहाव्या डावात सी४ खेळला आणि जिंकला. २००८ मध्ये बॉनला क्रामनिकविरुद्ध आनंद आपलं नेहमीचं ई४ सोडून डी४ कडे वळला. जुनं घर पक्कं होतं म्हणून त्यांना हे साधलं.

परवा सांगलीहून परतताना त्या मुलीची वही पाहिली. तिने चालींच्या खाली पेन्सिलीने लिहिलं होतं: "प्यादं कमी. त्याचा घोडा चार वेळा हलला. माझे दोन्ही उंट बाहेर. घाबरले नाही. बरोबरी." आणि शेजारी, वेगळ्या शाईत: "ए५ चा घोडा परत आणायला उशीर केला, सरांना विचारायचं."