लहान खोलीतील खर्ज : बेस गिटारच्या घरगुती ध्वनिमुद्रणाचा विचार

मिरा-भाईंदर महानगरपालिकेच्या हद्दीतील बेव्हर्ली पार्क ही बहुमजली इमारतींची दाट वस्ती होय. एका भिंतीच्या दोन बाजूंस दोन कुटुंबे, तशीच एका छताच्या वर व खाली दोन, अशी येथील घरांची रचना असते. अशा घरातील एका खोलीत बेस गिटार वाजवून तिचे ध्वनिमुद्रण करावयाचे झाल्यास कोणत्या अडचणी येतात, त्यांपैकी कोणत्या उपकरणांनी दूर होतात आणि कोणत्या होत नाहीत, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

हा प्रश्न केवळ हौशी वादकांचा आहे असे मानण्याचे कारण नाही. 1970 च्या दशकात राहुलदेव बर्मन यांच्या वादकवृंदात टोनी वाझ बेस गिटार वाजवीत, तेव्हा तारदेवच्या फिल्म सेंटरसारख्या प्रशस्त ध्वनिमुद्रणगृहात सर्व वादक एकत्र बसत. खर्ज कमी पडला की जास्त झाला, हे ध्वनिमुद्रक तेथल्या तेथे सांगे. आता पुष्कळदा वादक आपला भाग घरीच वाजवून संगणकामार्फत संगीतकाराकडे पाठवितो. दोष सांगणारा तिसरा माणूस जवळ नसतो. वादकास आपल्या कानांवर आणि आपल्या खोलीवर विसंबावे लागते. आणि खर्जाच्या बाबतीत खोली हा अविश्वसनीय साक्षीदार आहे.

वाद्याची घडण

लिओ फेंडर यांनी 1951 साली ‘प्रिसिजन बेस’ हे वाद्य बाजारात आणले. उभ्या डबल बेसचा अवजडपणा टाळणे आणि पडद्यांच्या योगाने स्वर अचूक मिळविणे, हे दोन्ही हेतू त्यात साधले होते. या वाद्याच्या तारेची कंप पावणारी लांबी 34 इंच असून तेच माप आजही सर्वसामान्य आहे. चार तारा ई, ए, डी व जी या स्वरांत लावतात; त्यांची कंप्रता, म्हणजे दर सेकंदास होणारी कंपने, अनुक्रमे 41.2, 55, 73.4 आणि 98 हर्ट्झ इतकी असते.

हे वाद्य भरीव लाकडाचे असल्यामुळे त्याचा स्वतःचा आवाज क्षीण असतो. तारांखाली बसविलेले पिकअप हेच त्याचे खरे मुख होय. पिकअपमध्ये चुंबकांभोवती बारीक तारेचे हजारो वेढे दिलेले असतात. वरची पोलादी तार कंप पावू लागली की वेढ्यांतील चुंबकीय स्रोत बदलतो व त्यामुळे विद्युत्‌दाब निर्माण होतो. फॅराडे यांनी 1831 साली दाखवून दिलेले तत्त्व ते हेच. बेसचा स्वर हवेत उतरण्यापूर्वीच विजेच्या रूपाने तयार असतो, ही गोष्ट पुढील विवेचनात महत्त्वाची आहे.

खोलीची साक्ष

हवेचे तापमान 27 अंश सेल्सिअस असता ध्वनीचा वेग सेकंदास सुमारे 347 मीटर असतो. त्यावरून सर्वांत खालच्या ई स्वराची तरंगलांबी 8.4 मीटर येते. खोली 3.6 मीटर लांब, 3 मीटर रुंद व 2.7 मीटर उंच आहे असे समजू. ज्या स्वराची अर्धी तरंगलांबी समोरासमोरच्या दोन भिंतींमधील अंतराइतकी भरते, त्या स्वराचा स्थिर तरंग खोलीत उभा राहतो. या हिशेबाने लांबीच्या दिशेने 48.2, रुंदीच्या दिशेने 57.8 आणि उंचीच्या दिशेने 64.3 हर्ट्झ या खोलीच्या पहिल्या तीन अनुस्पंदन-कंप्रता ठरतात.

ई तारेच्या तिसऱ्या पडद्यावरील जी स्वर 49 हर्ट्झचा आहे. लांबीच्या दिशेने उभा राहणारा तरंग जवळजवळ त्याच कंप्रतेचा असल्यामुळे हा स्वर भिंतीजवळ बसलेल्या श्रोत्यास घुमणारा वाटेल. खोलीच्या लांबीच्या मध्यावर बसलेल्यास मात्र तोच स्वर विरून गेल्यासारखा भासेल. कारण या तरंगाचा दाब भिंतीपाशी सर्वाधिक व मध्यावर किमान असतो. मध्यावर बसलेला वादक जी स्वर दुबळा समजून तो वाढवितो. संगीतकाराच्या खोलीत त्या वाढविलेल्या स्वराचा गडगडाट होतो. वादन निर्दोष असूनही ध्वनिमुद्रण परत येते, आणि त्याचे कारण वादकास उमगत नाही.

भिंतींस स्पंज अथवा अंड्यांचे ट्रे चिकटविणे हा लोकप्रिय उपाय येथे निरुपयोगी ठरतो. सच्छिद्र पदार्थाने ध्वनी परिणामकारक रीतीने शोषावा यासाठी त्याची जाडी, किंवा त्याचे भिंतीपासूनचे अंतर, पाव तरंगलांबीच्या जवळपास असावे लागते. खालच्या ई स्वरासाठी हे माप 2.1 मीटर येते. एक इंच स्पंजाने टाळीचा प्रतिध्वनी कमी होईल, पण खर्ज जसाच्या तसा राहील.

थेट जोडणी

पिकअपमधून निघणारा स्वर हवेत न सोडता सरळ ध्वनिमुद्रण-यंत्रात नेणे, हा यावरील योग्य मार्ग होय. 1960 च्या दशकात डेट्रॉइट येथील मोटाउन संस्थेच्या ध्वनिमुद्रणांत जेम्स जेमर्सन यांचा बेस याच रीतीने घेतला जाई. सोय म्हणून स्वीकारलेली ती पद्धत पुढे सर्वत्र रूढ झाली.

या जोडणीत संरोधाचा, म्हणजे प्रत्यावर्ती प्रवाहास होणाऱ्या एकूण अडथळ्याचा, मेळ बसविणे अगत्याचे असते. साध्या पिकअपचा संरोध वरच्या कंप्रतांस बराच वाढतो. त्यास मायक्रोफोनसाठी असलेल्या, काही हजार ओहमच्या प्रवेशात जोडल्यास वरचे उपस्वर दबतात व आवाज मातकट होतो. म्हणून ऑडिओ इंटरफेसवरील वाद्यासाठी राखलेला, सुमारे दहा लक्ष ओहम संरोधाचा प्रवेश वापरावा. तो नसल्यास डी.आय. बॉक्स मध्ये घालावा. मुद्रणाची पातळी ठेवताना सर्वांत जोरदार आघात कमाल मर्यादेच्या सुमारे 10 डेसिबेल खाली राहील, इतकी काळजी पुरेशी असते.

विजेची गुणगुण

थेट जोडणीने खोली दूर झाली, तरी घरातील वीज दूर होत नाही. पिकअप जसे तारेचे कंपन टिपते, तसेच चार्जर, पडदा किंवा रोहित्र यांचे चुंबकीय क्षेत्रही टिपते. भारतात वीजपुरवठ्याची कंप्रता 50 हर्ट्झ आहे. बेसचा खालचा जी स्वर 49 हर्ट्झचा आणि मोकळी जी तार 98 हर्ट्झची. गुणगुणीत 50 बरोबर 100 हर्ट्झचाही अंश असतो. परिणामी खालचा जी लांबविला असता सेकंदास एक, व मोकळी तार लांबविली असता सेकंदास दोन, असे हेलकावे ऐकू येतात. अमेरिकेत हा पुरवठा 60 हर्ट्झचा असल्याने तेथील पुस्तकांत दिलेले गाळणीचे आकडे येथे उपयोगी पडत नाहीत. आणि 50 हर्ट्झवर गाळणी लावावी, तर जी स्वरच कापला जातो.

यास्तव गुणगुण उगमापाशीच रोखली पाहिजे. प्रिसिजन बेसला 1957 पासून असलेल्या दुभागलेल्या पिकअपात दोन अर्ध्या भागांचे वेढे व चुंबक परस्परविरुद्ध असतात. त्यामुळे तारेचे स्वर एकमेकांत मिळतात व बाहेरची गुणगुण परस्परांस मारते. एकेरी पिकअप असल्यास वादकाने बसण्याची दिशा बदलून सर्वांत शांत कोन शोधावा, आणि मुद्रणापुरता लॅपटॉप बॅटरीवर चालवावा. गुणगुण थांबते म्हणून तीन पिनांच्या प्लगातील अर्थिंगची पिन काढून टाकण्याची प्रथा मात्र सर्वथा त्याज्य होय. वादकाचे हात धातूच्या तारांवर असतात. त्यात जीव धोक्यात येतो.

शेजार आणि कान

सन 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात रात्री 10 ते सकाळी 6 या वेळेत 45 डेसिबेल (ए) ही मर्यादा आहे. ‘ए’ मापनात 40 हर्ट्झच्या आसपासचा ध्वनी सुमारे 35 डेसिबेलने कमी मोजला जातो. म्हणजे प्रत्यक्षात 80 डेसिबेल असलेला खर्ज मापकावर 45 दिसेल. मापक नियमभंग दाखवीत नाही, आणि भिंतीपलीकडील मूल तर झोपेतून उठते. भिंतही वरच्या स्वरांना जितकी अडविते तितकी खर्जाला अडवीत नाही. थेट जोडणी व हेडफोन यांचा अवलंब हा म्हणूनच शेजारधर्माचाही भाग ठरतो.

हेडफोनवर खोलीचे स्थिर तरंग नसतात. तथापि प्रत्येक हेडफोनचा स्वतःचा कल असतो. म्हणून ओळखीचे, चांगले मुद्रित झालेले गाणे त्यावर आधी ऐकावे, मग आपला भाग ऐकून तुलना करावी. शेवटी तोच भाग मोबाइलच्या लहान ध्वनिक्षेपकावरही ऐकून पाहावा. त्यातून 41 हर्ट्झचा मूळ स्वर बाहेर पडतच नाही; परंतु 82, 124, 165 हर्ट्झ व त्यांपुढील उपस्वरांच्या समान अंतरावरून श्रवणेंद्रिय मूळ स्वराचे अनुमान करते. भारतीय संगीतास ही उपस्वरांची महती नवी नाही. सी. व्ही. रामन यांनी 1921 साली तंबोरा व वीणा यांच्या घोडीचा अभ्यास केला, तो याच समृद्ध उपस्वरांच्या शोधार्थ. तारा फार जुन्या झाल्या, अथवा संरोधाचा मेळ चुकला, तर हे उपस्वर हरपतात व लहान ध्वनिक्षेपकावर बेस नाहीसा होतो.

सारांश, घरगुती ध्वनिमुद्रणात महागड्या उपकरणांहून साक्षीदार कोणता मानावा याचा विवेक मोलाचा आहे. स्वर तारेतून घ्यावा, गुणगुण उगमापाशी थांबवावी आणि एखादा स्वर कमी-अधिक भासल्यास तो बदलण्यापूर्वी खुर्ची दोन पावले सरकवून पुन्हा ऐकावे. जागा बदलताच दोष बदलला, तर तो खोलीचा होय. तो वादनात दुरुस्त करू नये. जागा बदलूनही आणि हेडफोनवरही तो टिकला, तरच तो हाताचा अथवा वाद्याचा समजावा. एवढी परीक्षा बेव्हर्ली पार्कमधील लहानात लहान खोलीतही करता येते, आणि तीस कोणताही खर्च येत नाही.