पेसमेकरची जागा लाल झाली तर

तंजावरला सरफोजीराजांच्या (कारकीर्द 1798–1832) धन्वंतरी महाल या उपचारकेंद्रात शस्त्रक्रिया झालेल्या नेत्ररुग्णांच्या तपशीलवार नोंदी ठेवल्या जात. शस्त्रक्रियेनंतरही रुग्णावर नजर ठेवायची ही शिस्त पेसमेकर बसवलेल्यांसाठी फार मोलाची. पेसमेकर ठेवलेल्या कॉलरबोनखालच्या कप्प्यात स्टॅफिलोकोकस जंतू शिरले, की यंत्रावर चिकट थर धरतात. त्याखाली प्रतिजैविकांची मात्रा चालत नाही. मग बहुधा यंत्र आणि हृदयात गेलेल्या तारा, सगळेच काढावे लागते. त्यापेक्षा प्रतिबंध बरा: शस्त्रक्रियेआधी तासाभरात शिरेतून प्रतिजैविक, आणि कप्प्यात रक्त साकळू न देणे. 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत यंत्राभोवती घातलेल्या जंतुनाशक जाळीच्या पिशवीने जोखमीच्या रुग्णांतले गंभीर संसर्ग सुमारे 40 टक्क्यांनी घटवले. जागा लाल झाली, सुजली, तर तिथे सुई टोचू देऊ नका. त्याच दिवशी आपल्या हृदयरोगतज्ज्ञांना दाखवा.