गंधकाचे मणी आणि प्रवाळांचे पाणी

पॅरिस हे शहर समुद्रापासून शंभर किलोमीटरहून अधिक दूर आहे. तरीही त्याच्या पूर्व टोकाला, १९३१ च्या वसाहत प्रदर्शनासाठी उभारलेल्या पोर्त दोरे येथील भव्य इमारतीच्या तळघरात, उष्ण कटिबंधातील समुद्राचे मासे काचेपलीकडे विहरताना दिसतात. या समुद्राला किनारा नाही, भरती नाही आणि ओहोटीही नाही. त्यात जे पडेल ते त्यातच राहते. जगभरातील लहानमोठ्या सागरी मत्स्यालयांपुढे उभा राहणारा एक चिवट प्रश्न याच गोष्टीतून निर्माण होतो. तो प्रश्न नायट्रेटचा आहे.

माशांना अन्न घातले की काही भाग ते खातात, काही तळाशी कुजतो. माशांच्या उत्सर्गातून आणि या कुजण्यातून अमोनिया तयार होतो. अमोनिया माशांना अत्यंत घातक असतो. पण मत्स्यालयातील दगडांवर व वाळूत राहणारे काही जिवाणू त्याचे नायट्राइटमध्ये आणि दुसरे काही जिवाणू नायट्राइटचे नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. या क्रियेला नायट्रीकरण म्हणतात. तिच्यासाठी ऑक्सिजन लागतो आणि खेळत्या पाण्यात तो भरपूर असतो. त्यामुळे विषाचे तुलनेने सौम्य पदार्थात रूपांतर होते. परंतु तो पदार्थ पाण्यातून जात मात्र नाही. घरातला केर झाडून एका कोपऱ्यात गोळा करावा आणि उंबरठ्याबाहेर टाकायला जागाच नसावी, तसा हा प्रकार आहे.

प्रवाळ बेटांभोवतीच्या उथळ समुद्रात नायट्रेटचे प्रमाण लिटरमागे १ मिलिग्रॅमपेक्षाही कमी असते. मत्स्यालयात ते ५० मिलिग्रॅमपर्यंत सहज चढते. बहुतेक मासे एवढे नायट्रेट सहन करतात, म्हणून मालकाच्या लक्षात काही येत नाही. प्रवाळांचे तसे नाही. प्रवाळ हा प्राणी असला, तरी त्याच्या पेशींत सूक्ष्म शैवाल राहते आणि सूर्यप्रकाशात बनवलेले अन्न त्याला पुरवते. नायट्रेट हे शैवालासाठी खतच होय. खत वाढले की शैवाल बेसुमार वाढते, प्रवाळाचे निळे-जांभळे रंग मावळून तो तपकिरी दिसू लागतो. शिवाय दगडांवर उगवणारे हिरवे शेवाळ हळूहळू त्याची जागा बळकावते. अनेक वर्षांच्या निगराणीने वाढलेली वसाहत अशी डोळ्यांदेखत कोमेजते.

पाणी बदलणे हा पहिला उपाय. तो चांगलाच आहे. पण त्याचा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. १००० लिटरच्या एका मत्स्यालयात नायट्रेट ५० मिलिग्रॅम आहे आणि दर आठवड्याला त्यात ५ मिलिग्रॅमची भर पडते, असे मानू. दर आठवड्याला १०० लिटर पाणी बदलले, तर ५० चे ४५ होतात आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा ५०. प्रत्येक वेळी सुमारे साडेतीन किलो मीठमिश्रण खर्च होते आणि आकडा जागचा हलत नाही.

निसर्गात हा आकडा हलतो तो चिखलामुळे. समुद्रतळाच्या गाळात काही अंतराखाली ऑक्सिजन पोहोचत नाही. तेथील जिवाणू श्वसनासाठी नायट्रेटमधील ऑक्सिजन वापरतात आणि उरलेला नायट्रोजन वायुरूपाने सोडून देतात. तो हवेत मिसळतो. हेच विनायट्रीकरण. घाण नाहीशी करण्याचे काम येथे कोंदट, प्राणवायूविरहित अंधारात चालते, ही बाब स्वच्छतेविषयीच्या नेहमीच्या कल्पनांना धक्का देणारी आहे. मात्र या जिवाणूंना नायट्रेटबरोबर अन्नही हवे असते. बहुतेकांना सेंद्रिय अन्न लागते. म्हणून काही जण पाण्यात साखर किंवा अल्कोहोल मोजून घालतात; त्यात थोडी जरी चूक झाली, तरी जिवाणूंची एकदम वाढ होते, पाणी दुधाळ होते आणि माशांना ऑक्सिजन अपुरा पडतो.

डच शास्त्रज्ञ बायरिंक यांनी १९०४ मध्ये एका निराळ्या जिवाणूचे वर्णन केले. गंधक हेच त्याच्या ऊर्जेचे साधन! गंधकाचे ऑक्सिडीकरण करून तो ऊर्जा मिळवतो आणि शरीर घडवण्यासाठी पाण्यात विरघळलेला कार्बन डायऑक्साइड वापरतो. हाच गुण १९९० च्या दशकात फ्रान्समध्ये मत्स्यालयांच्या कामी आला. पोर्त दोरे येथील मत्स्यालयात काम करणारे मिशेल इन्येत, तसेच मार्क लांगुए व त्यांचे सहकारी यांनी १९९७ मध्ये ही पद्धत शास्त्रीय लेखातून मांडली. द्राक्षबागेत भुरी रोगावर धुरळतात ते पिवळे गंधकच येथे वापरतात. फक्त भुकटीऐवजी काही मिलिमीटर आकाराचे मणी घेतात, म्हणजे त्यांच्या फटींतून पाणी वाहू शकते. गंधक पाण्यात विरघळत नाही, ही यातील सोयीची गोष्ट. जिवाणूंना हवे तेवढेच ते वापरले जाते. बाकीचे मण्यांच्या रूपात तसेच राहते. साखरेप्रमाणे जास्त पडण्याची भीती नाही.

यंत्र अगदी साधे आहे. एक बंद उभे नळकांडे गंधकाच्या मण्यांनी भरतात. मण्यांचे आकारमान मत्स्यालयाच्या सुमारे एक शतांश, म्हणजे १००० लिटरला १० लिटर, इतके ठेवण्याची पद्धत आहे. मत्स्यालयातील पाणी बारीक नळीने आत येते आणि एक छोटा पंप ते आतल्या आत फिरवत ठेवतो. आत शिरलेला ऑक्सिजन सुरुवातीच्या जिवाणूंनी संपवला की उरलेल्यांना नायट्रेटवाचून गत्यंतर राहत नाही. हे जिवाणू बाहेरून आणावे लागत नाहीत. मत्स्यालयात ते मूळचेच असतात. पण त्यांची पुरेशी वाढ होण्यास काही आठवडे लागतात आणि तेवढी वाट पाहण्याची तयारी नसलेल्याने या वाटेला जाऊ नये.

या क्रियेत आम्ल तयार होते. म्हणून बाहेर पडणारे पाणी प्रवाळाच्या किंवा शंखशिंपल्यांच्या चुनखडी तुकड्यांतून सोडतात. आम्लाने चुनखडी विरघळते, आम्ल शमते आणि प्रवाळांच्या सांगाड्याला लागणारे कॅल्शियमही थोडेफार पाण्यात उतरते. दुसरे उत्पादन म्हणजे सल्फेट. १ ग्रॅम नायट्रेट नाहीसे करताना सुमारे ०.६ ग्रॅम गंधक खर्च होते आणि १.७ ग्रॅम सल्फेट बनते. आपल्या मत्स्यालयातील ५० ग्रॅम नायट्रेट काढले तर ८५ ग्रॅम सल्फेट वाढेल. समुद्राच्या १००० लिटर पाण्यात मुळातच सुमारे २७०० ग्रॅम सल्फेट असते. त्यात ही भर नगण्य होय. विहिरीच्या पाण्याबाबत असे म्हणता येणार नाही. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकाने नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम ठरवली आहे, तशीच सल्फेटलाही मर्यादा घातली आहे. त्यामुळे तेथे एक पदार्थ काढताना दुसरा किती वाढतो, याकडे डोळेझाक करता येत नाही.

खरी कसोटी लागते ती पाण्याच्या वेगाशी. पाणी फार वेगाने सोडले तर त्याबरोबर ऑक्सिजनही आत जातो, नायट्रेटचे काम अर्धवट राहते आणि बाहेर नायट्राइट येऊ लागते. खाऱ्या पाण्यातील क्लोराइडमुळे माशांना त्याची बाधा गोड्या पाण्याइतकी होत नाही. तरीही ते काम अपुरे राहिल्याची खूण आहे. उलट, पाणी फार सावकाश सोडले तर आतले नायट्रेट संपते. मग दुसऱ्या जातीचे जिवाणू पुढे सरसावतात आणि हायड्रोजन सल्फाइड तयार करतात. त्याला कुजक्या अंड्याचा दर्प येतो आणि तो विषारी असतो. म्हणून सुरुवातीला थेंब थेंब पाणी सोडायचे, बाहेरच्या पाण्याची चाचणी घ्यायची, नायट्रेट आणि नायट्राइट दोन्ही शून्याजवळ आली की वेग किंचित वाढवायचा, आणि काही दिवस थांबून पुन्हा तपासायचे, असा क्रम ठेवावा लागतो.

येथे एक फसवी अवस्था येते. समजा, वेग तासाला २ लिटरवर स्थिर झाला. दिवसाला ४८ लिटर पाणी आतून जाते आणि नायट्रेट ५० मिलिग्रॅम असताना दिवसाकाठी सुमारे २.४ ग्रॅम नायट्रेट निघते. रोजची भर पाऊण ग्रॅमहूनही कमी असल्याने आकडा झपाट्याने उतरतो आणि मालक निर्धास्त होतो. पण नायट्रेट १० मिलिग्रॅमवर आले की तोच वेग दिवसाला जेमतेम अर्धा ग्रॅम काढतो. रोजची भरसुद्धा त्यातून भागत नाही. शिवाय आत पोहोचणारे नायट्रेट कमी झाल्याने दुर्गंधी वायूचा धोका वाढतो. यंत्र यशस्वी झाले म्हणूनच ते आता धोक्याचे ठरू लागते! अशा वेळी तोटी अधिक उघडावी लागते. या उदाहरणात तासाला सुमारे ३ लिटर वेग हवा. पाणी स्वच्छ होत चालले की काम कमी झाले असे मानून अनेक जण नेमके उलटे करतात.

वीज गेली तर आणखी काळजी घ्यावी लागते. बंद नळकांड्यात पाणी तुंबून राहते, तासातासाने आतले नायट्रेट संपते आणि वायू साचू लागतो. वीज आल्यावर तेच पाणी थेट मत्स्यालयात गेले तर मासे दगावू शकतात. म्हणून दीर्घ खंडानंतर आतले पहिले पाणी बादलीत काढून फेकून देतात आणि मगच नळी पूर्ववत जोडतात. एरवीही बाहेर पडणाऱ्या पाण्यात ऑक्सिजन नसल्याने ते थोड्या उंचीवरून पडू देतात.

हे यंत्र फॉस्फेट काढत नाही. त्यासाठी वेगळी तजवीज लागते. नायट्रेट अगदी शून्यावर नेणेही इष्ट नाही, कारण प्रवाळातील शैवालालाही थोडे पोषण हवेच. आणि एक गोष्ट भारतीय वाचकाने लक्षात ठेवावी. लक्षद्वीप, अंदमान, मन्नारचे आखात, कच्छचे आखात, इतकेच काय मालवणच्या किनाऱ्यालगतही प्रवाळ आहेत. मात्र खडक घडवणाऱ्या प्रवाळांना २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीचे संरक्षण आहे. समुद्रातून तोडून आणलेला प्रवाळ घरच्या काचेत ठेवणे हा गुन्हा ठरतो, मग पाणी कितीही निर्मळ राखलेले असो.