शरणपूर (नाशिक)

शरणपूर ही नाशिक शहराच्या पश्चिमेस चर्च मिशनरी सोसायटीने इ.स. १८५४ मध्ये वसवलेली ख्रिस्ती वसाहत होय. वाढत्या शहरात ती आता मिसळून गेली असली, तरी ‘शरणपूर रोड’ या नावामुळे नाशिककरांना परिचित आहे. पूर्व आफ्रिकेतील मुक्त गुलामांना येथे मिळालेला आश्रय आणि त्यांनी पुढे केलेली सेवा हे या वसाहतीच्या इतिहासाचे प्रमुख अंग आहे.

स्थापना

सोसायटीचे नाशिकमधील कार्य १८३२ मध्ये सुरू झाले. रेव्हरंड सी. पी. फेरार हे येथील आद्य मिशनऱ्यांपैकी एक होते. त्या काळी ख्रिस्ती धर्म स्वीकारणाऱ्यास घर, जात आणि उपजीविका या तिन्ही गोष्टींस मुकावे लागे. केवळ उपदेशाने त्याचा चरितार्थ चालणे शक्य नव्हते. विल्यम सॉल्टर प्राइस यांनी शरणपूर वसवले ते या गरजेतून. प्रार्थना आणि शाळा यांच्या जोडीला तेथे सुतारकाम, लोहारकाम यांसारखे हातचे धंदे शिकवले जात. अशा वेगळ्या वस्तीमुळे नवख्रिस्ती मंडळी मूळ समाजापासून दुरावली, हा आक्षेपही निराधार म्हणता येत नाही.

आफ्रिकी विद्यार्थी

ब्रिटिश आरमाराने अरबी समुद्रातील गलबतांवरून सोडवलेली अनेक आफ्रिकी मुले शरणपुरात पाठवण्यात आली. १८६५ मध्ये डेव्हिड लिव्हिंगस्टन यांनी आपल्या मोहिमेसाठी येथील नऊ तरुण निवडले. त्यांचा अनुभव संमिश्र ठरला. लिव्हिंगस्टन यांनी त्यांच्याविषयी कठोर शब्द लिहून ठेवले असून काहीजण मध्येच सोडून गेले. एडवर्ड गार्डनर मात्र अखेरपर्यंत राहिले. १८७२ मध्ये जेकब वेनराइट, मॅथ्यू वेलिंग्टन, कॅरस फेरार आदी आणखी सहाजण त्यांना जाऊन मिळाले. यांतील फेरार हे आडनाव नाशिकच्या वाचकास ओळखीचे वाटेल.

१ मे १८७३ रोजी लिव्हिंगस्टन यांचे आजच्या झांबियात निधन झाले. त्यांचे हृदय तेथेच झाडाखाली पुरण्यात आले. त्या वेळी वेनराइट यांनी अंत्यविधीची प्रार्थना वाचली. सुसी आणि चुमा यांच्या नेतृत्वाखाली या मंडळींनी मृतदेह दीड हजारांहून अधिक किलोमीटर वाहून समुद्रकिनाऱ्यावर आणला. देह वाटेतच पुरावा, हा इंग्रज अधिकारी कॅमेरॉन यांचा सल्ला त्यांनी मानला नाही. त्यांना हुकूम देणारा कोणी उरला नव्हता. निर्णय सर्वस्वी त्यांचा होता. १८ एप्रिल १८७४ रोजी वेस्टमिन्स्टर ॲबीत झालेल्या अंत्यसंस्कारास वेनराइट उपस्थित होते. रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने वाहकांसाठी ६० रौप्यपदके पाडली. परंतु ती तयार होईपर्यंत बहुतेकजण पांगले होते. कीर्ती लिव्हिंगस्टन आणि स्टॅन्ली यांच्या वाट्याला आली, वाहकांची नोंद ‘विश्वासू नोकर’ एवढीच राहिली.

पूर्व आफ्रिकेतील कार्य

१८७४-७५ मध्ये प्राइस यांनी मोंबासाजवळ मुक्त गुलामांसाठी फ्रिअर टाउन ही वसाहत स्थापली. तिच्या उभारणीत शरणपूरच्या आफ्रिकी मंडळींचा मोठा वाटा होता. त्यांच्यापैकी विल्यम जोन्स आणि इश्माएल सेमलर यांना १८८५ मध्ये बिशप हॅनिंग्टन यांनी धर्मदीक्षा दिली. त्याच वर्षी युगांडाच्या वाटेवर हॅनिंग्टन यांची हत्या झाली, तेव्हा उरलेला तांडा जोन्स यांनी परत आणला. मॅथ्यू वेलिंग्टन मोंबासा येथेच स्थायिक झाले. त्यांचे निधन १९३५ मध्ये झाले.